बरोबरीतला पहिला

चष्म्यांच्या दुकानांची एक मोठी कंपनी होती. तिच्या मुख्य कचेरीत, लिफ्टच्या मोटारीची घरघर ऐकू येणाऱ्या एका कोंदट खोलीत बसून एक बाई कंपनीचा डेटाबेस सांभाळायची. सगळे तिला डेटाबाई म्हणत. तिला ते नाव आवडत नव्हतं, पण तिच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांना लोक ‘सर्व्हर’ म्हणायचे, त्या मानाने बरंच म्हणायचं.

दर सोमवारी सगळ्या शाखांचे प्रमुख मुख्य कचेरीत बैठकीला जमत आणि अहवालाची वाट बघत बसत. कुठल्या शाखेला ग्राहकांनी किती गुण दिले, तक्रारी किती आल्या, आणि त्यावरून कोण कितवा, असा तो अहवाल. पहिल्या क्रमांकाला लिफ्टशेजारची, छपराखालची पार्किंगची जागा मिळायची. आठवडाभर ती रिकामीच असे, कारण प्रमुख लोक यायचेच सोमवारी. पण त्या एका दिवसासाठी चांगली शिकलीसवरलेली माणसं जीव टाकायची.

अहवाल मात्र जेवणाची वेळ होईपर्यंत बाहेर पडत नसे. सेक्रेटरी दारात उभा राहून पाय बदलत म्हणायचा, “बाई, वरून विचारतायत.”

“वरच्यांना सांगा, त्यांनीच घातलेला घोळ आहे,” बाई म्हणायची, आणि सेक्रेटरी वर जाऊन सांगायचा, “होतंय, साहेब.”

बाईचं म्हणणं खरंही होतं. मूळचा अहवाल साधा होता. मग विक्रीच्या साहेबांना प्रत्येक नोंदीशेजारी त्या शाखेची आजवरची बेरीज हवी झाली. तक्रारींच्या साहेबांना तीच बेरीज हवी झाली, पण ताजी तारीख वर ठेवून. जाहिरातीच्या मॅडमना शाखांचे कोड बघून डोकं दुखायचं, म्हणून त्यांचा रकाना शाखेच्या नावाने. अशा रकान्यांना विंडो फंक्शन म्हणतात. नोंद जागची हलवायची नाही, तिने खिडकीतून शेजारच्या नोंदींकडे डोकवायचं आणि आपला हिशेब सांगायचा. पण डोकवायचं तर शेजारी ओळीने बसलेले हवेत. त्यांना ओळीने बसवणं हेच खरं कष्टाचं काम, आणि ते कसं करायचं हे डेटाबेसमधला प्लॅनर ठरवतो.

हा प्लॅनर पक्का कामचुकार असतो, आणि त्यातच त्याचं भलेपण आहे. एकाला नोंदी शाखेप्रमाणे हव्यात आणि दुसऱ्याला शाखेप्रमाणे आणि त्यात तारखेप्रमाणे, तर तो दुसऱ्याच्या मनासारखं एकदाच लावतो आणि त्यातच पहिल्याचंही भागवतो. पण एकाने शाखेचा कोड सांगितला आणि दुसऱ्याने नाव, तर ही एकच शाखा आहे हे त्याला कोण सांगणार? बिचारा सगळा पसारा पुन्हा विस्कटून पुन्हा लावत बसायचा. साहेब जितके, तितक्यांदा.

एका शुक्रवारी बाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिने प्लॅनरचा आराखडा स्क्रीनवर उघडला. क्रमवारी, खिडकी, पुन्हा क्रमवारी, पुन्हा खिडकी, अशी उतरंड खालपर्यंत गेली होती. तिने बाह्या सरसावल्या. सगळीकडे शाखेचा कोड घातला, नाव फक्त छापताना दाखवायचं ठरवलं. उलट्या तारखेची बेरीज सुलट्या क्रमातूनच वजाबाकीने काढली. प्लॅनरला मनासारखं सापडलं. एकदा नोंदी लावल्या आणि सगळ्या खिडक्या त्याच रांगेवर उघडल्या.

सोमवारी शाखाप्रमुखांनी कोट काढून खुर्चीवर अडकवायच्या आतच अहवाल समोर हजर. सेक्रेटरीने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. मोठ्या साहेबांनी भर बैठकीत बाईचं कौतुक केलं, आणि मग त्यांची नजर शेवटच्या पानावर गेली.

पहिली : टेकडी शाखा. दुसरी : चौक शाखा.

सगळ्यांच्या माना एकदम एका खुर्चीकडे वळल्या. चौक शाखेचे प्रमुख म्हणजे मोठ्या साहेबांचे सख्खे साडू. गेले कित्येक महिने ते पहिले येत होते, आणि ते का येतात याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. लोक त्यांच्या तोंडावर अभिनंदन करायचे आणि पाठ वळली की एकमेकांना डोळा मारायचे.

टेकडी शाखेच्या मॅडम उठल्या, खाली गेल्या आणि आपली सायकल छपराखाली लावून आल्या. त्यांच्याकडे गाडी नव्हती. वॉचमनने विचारलं, “एवढ्या जागेत सायकल?” त्या म्हणाल्या, “आडवी लावली की भरते.” साडूंची लांबलचक गाडी उन्हात तापत राहिली.

दुपारी डेटाबाईला वर बोलावणं आलं.

“तुम्ही काय केलंत?” मोठ्या साहेबांनी विचारलं. साडू शेजारी बसले होते, पण खिडकीबाहेर बघत होते.

“वेग वाढवला, साहेब. गुणांना हात लावलेला नाही. चौक आणि टेकडी यांचे गुण आजही सारखे आहेत, आणि मागे जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा सारखेच होते.”

“मग आमचे साडू खाली कसे?”

“बरोबरी झाली तर वर कुणाला बसवायचं, हे अहवालात कुणी सांगितलेलंच नाही. मग जी नोंद हाताला आधी लागते ती वर बसते. पूर्वी नोंदी नावाने लावलेल्या यायच्या, त्यात ‘च’ आधी, ‘ट’ नंतर. आता कोडने येतात. टेकडीचं दुकान जुनं, त्याचा कोड आधीचा.”

मोठ्या साहेबांनी अहवालाचं शेवटचं पान पुन्हा उघडलं. “म्हणजे इतके दिवस बाराखडीमुळे?”

“हो. म्हटलं तर दोघांनाही पहिलं दाखवता येतं. त्याची सोय आहे.”

“पार्किंग एकच आहे, बाई.”

“मग बरोबरीत कोण वर, ते ठरवून सांगा. कशावरून ठरवायचं तेवढं सांगितलं की झालं.”

आता आली का पंचाईत. कशावरून, ते साहेबांच्या ओठांवर होतं, पण त्यांना ते म्हणता येईना. त्यांनी घसा खाकरला आणि विभागप्रमुखांना बोलावून घेतलं. मग तर मजाच झाली. विक्रीचे साहेब म्हणाले, ज्याची विक्री जास्त तो वर. तक्रारींचे साहेब म्हणाले, छे, ज्याच्या तक्रारी लवकर निकालात निघाल्या तो. जाहिरातीच्या मॅडमना दुकानाच्या दर्शनी काचेची लांबी धरायची होती. प्रत्येकाने आपापल्या मर्जीतलं दुकान मनात धरूनच नियम सुचवला होता, आणि कुणालाच कुणाला दुखवायचं नव्हतं. शेवटी सगळेच नियम मंजूर झाले. प्रत्येकाचा वेगळा रकाना. बाईने ते घातले. पुढच्या सोमवारी अहवाल पुन्हा जेवणाच्या वेळेला बाहेर पडला, चौक शाखा पुन्हा वर आली, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही.

बाईचं मात्र बिघडलं. घरी येऊन ती पिशवी आपटून बसली. सासूबाई वाळलेले कपडे घडी घालत होत्या. बाईने त्यांना सगळं सांगितलं.

“माझ्या लहानपणी,” सासूबाई म्हणाल्या, “ताटं सगळ्यांची एकदम तयार व्हायची, पण पहिलं ताट कायम माझ्या भावापुढे. आई म्हणायची, तो दाराजवळ बसतो म्हणून. एकदा मी दाराजवळ जाऊन बसले.”

“मग?”

“मग आईने आतल्या बाजूने वाढायला सुरुवात केली.” त्या हसल्या आणि बाईच्या हातात मोज्यांचा ढीग देऊन म्हणाल्या, “घे, जोड्या लाव.”

त्याच आठवड्यात एका दुपारी साडू डेटाबाईच्या खोलीच्या दारात उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण आत येऊ का म्हणून विचारलं आणि तिथल्या एका खोक्यावरच टेकले.

“बाई, एक खरं सांगा. आमच्या भाऊंनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, कधी माझ्यासाठी आकडे फिरवायला सांगितले होते?”

“नाही हो. कधीच नाही.”

“तुमच्या आधीच्यांना?”

“मी जुनं सगळं तपासलंय. एकाही गुणाला कुणी हात लावलेला नाही. लोक तुमच्या दुकानातून खूश होऊन जातात, एवढंच त्यात आहे.”

साडूंनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. “मला वाटायचं, मेहेरबानी आहे,” ते म्हणाले. “बायकोलाही तेच वाटतं. दर सोमवारी ती गाडी तिथे लावताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि लावली नाही तर भाऊंना राग. म्हणजे मी खरंच पहिला होतो?”

“होतात. टेकडीच्या मॅडमही होत्या.”

“दोघं तर दोघं!” साडू एकदम म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगून टाकलं, की बरोबरी झाली तर जागा आलटून पालटून द्यावी, आणि या आठवड्याची पाळी टेकडीची. बाकीचे रकाने आता काढून टाकावेत. मोठ्या साहेबांचा चेहरा उतरला, पण खुद्द साडूच म्हणतायत म्हटल्यावर काय बोलणार? पाळी मंजूर झाली. रकाने काढायला मात्र विभागप्रमुखांनी साफ नकार दिला. दर्शनी काचेची लांबी आता कंपनीच्या धोरणाचा भाग झाली होती, असं जाहिरातीच्या मॅडमनी जाहीर केलं.

डेटाबाईने वाद घातला नाही. खाली येऊन तिने सगळे हट्टी रकाने एका वेगळ्या अहवालात हलवले, तो जेवणानंतर आपोआप निघेल अशी व्यवस्था केली, आणि मूळ अहवाल सकाळी पाठवायला लागली. दुपारचा अहवाल कुणीच उघडत नाही, हे तिला लवकरच कळलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. साहेब लोक सुखात होते आणि प्लॅनरही.