वीतभर वण

"एवढंच?" भागवत मुकादम वाकून रामकिसनच्या पोटाकडे पाहत म्हणाला. "बे, येच्याहून मोठी भोकं तं मले तुरीच्या खुटानं पडते."

बनियन वर धरून रामकिसन चोरी पकडल्यासारखा बसला होता. डाव्या कुशीवर तीन इवलेसे टाके, बाकी पोट जसंच्या तसं. बेंबीजवळचा हर्नियाचा लिंबाएवढा फुगा गेला होता, पण गेलेली वस्तू लोकांना दाखवायची कशी?

धनज गावात ऑपरेशनची एक रीत होती. माणूस बाजेवर कण्हत पडलेला पाहिजे. भेटायला येणारा बिस्किटचा पुडा घेऊन येतो, त्याला बदल्यात निदान टाके तरी धड दिसायला नकोत? हा बाबा तर ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी एसटीतून उतरला होता.

"दुर्बिणीतून केलं, भाऊ. आतून जाळी लावली."

"जाळी? मच्छरदानीची?" मुकादम हसला. हसताना पोटावर पंजा दाबून धरायची त्याची जुनी सवय. अकरा वर्षांपूर्वी त्याचंही हेच दुखणं कापून शिवलं होतं आणि तो वीतभर वण त्याने लग्नातही शर्ट उचलून दाखवला होता.

"डॉक्टर म्हणते, दीड महिना पोतं उचलाचं नाई."

"तीन भोकाले दीड महिना? टोळीतले पोट्टे म्हनून राह्यले, रामकिसन ढोंग करून राह्यला. सोमवारी कारंजाले कामावर ये. नाई तं मले दुसरा मानूस पाहा लागन."

रामकिसनने बनियन खाली ओढलं. बावीस वर्षं तो कारंजाच्या बाजारात याच टोळीत हमाली करत होता. ती जागा गेली तर या वयात दुसरी कोण देणार?

मुकादम गेल्यावर रामकिसनच्या बायकोने, तुळसाबाईने, जुनं धोतर टराटरा फाडलं.

"हात वर करा."

"काहून वं?"

"लोकाइले पाह्याले पाह्यजे ना काईतरी."

तिने पोटाला चार बोटं रुंद पट्टी गुंडाळली आणि वर हळद चोपडली. "आता कण्हा." रामकिसन कण्हला. "असे नाई. तुमी तं जेवल्यावानी करून राह्यले."

उपाय लागू पडला. शेजारची सोजरबाई पट्टी पाहून रडलीच, आणि बाहेर जाऊन आतडी काढून धुतल्याचं सांगत सुटली. मग तिच्या शब्दाला जागायचं म्हणून तुळसाबाईने आणखी दोन वेढे दिले. शनिवारपर्यंत पट्टी बरगड्यांना टेकली. बिस्किटांचे सतरा पुडे जमले. रामकिसन तर एकटा असतानाही वाकून चालू लागला.

रविवारी दुपारी मुकादम पुन्हा आला. आल्या आल्या त्याने दार लोटून घेतलं.

"सोड ते."

"टाके तुटतीन, भाऊ."

"सोड म्हनतो ना."

रामकिसन वेढे सोडत गेला. धोतर संपता संपेना. शेवटी तेच तीन टाके उघडे पडले. आता जागा गेलीच, असं समजून तो खाली मान घालून बसला. पण मुकादम हसला नाही. त्याने एका टाक्याशेजारी हळूच बोट टेकवलं.

"लय दुखते का रे?"

"खोकललो का थोडंसं."

मुकादमाने आपला शर्ट वर केला. त्या नावाजलेल्या वणाच्या कडेला मोसंबीएवढा फुगा आला होता.

"चार वर्स झाले. निजलो का आत जाते, पोतं उचललं का बाहेर येते."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"मुकादमानं कोनाले सांगाव?" त्याने शर्ट खाली ओढला. "तुई जागा कुठी जात नाई. मले त्या डॉक्टरकडं घेऊन चाल."

रामकिसनला त्याचा राग यायला हवा होता. आला तो गहिवर.

सोमवारी रामकिसनचे टाके काढायचेच होते. तिघं फाट्यावर उभे राहिले. मुकादमाला दवाखान्यात ठेवून घेतलं तर असावी म्हणून चादरी, तांब्या आणि ते सगळे बिस्किटचे पुडे भरलेली थैली तुळसाबाईने खाली ठेवली होती. एसटी आली. उभ्या जन्मात क्विंटलची पोती पाठीवर वाहिलेले दोघं सवयीने एकदम थैलीकडे वाकले आणि एकदमच थांबले.

"सरका," म्हणत तुळसाबाईने थैली एका हाताने उचलली आणि ती पुढे चढली. तिच्यामागून दोघं हमाल, आपापल्या पोटावर हात धरून, एकेक पायरी जपून चढले.