बारावी वाघीण

आमच्या मागच्या खोलीत सिमेंटचा कारखाना आहे. एक जुनं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकून मामंजींनी तो अकरा वर्षांत उभा केला. उंच टाक्या म्हणजे कापडाच्या ठाणातून निघालेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, माल वर नेणारा पट्टा म्हणजे सायकलची जुनी ट्यूब, आणि कोळशाचा ढीग म्हणजे खराच कोळसा, सासूबाईंच्या खलबत्त्यात कुटलेला. त्या दिवसापासून खलबत्ता कपाटात कुलपात असतो. सिमेंटची धूळही त्यांच्याच पावडरच्या डब्यातून आली. "कारखाना यांचा आणि कच्चा माल माझा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात.

मामंजी रेल्वेत गाडी तपासनीस होते. मालगाडी यार्डात लागली की हातोडी घेऊन तिच्या कडेने चालत जायचं, चाकांवर टोले मारून आवाज ऐकायचा, ब्रेक बघायचे, आणि सगळ्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, धडधाकट असले की कागदावर सही करायची. त्या सहीशिवाय गाडी हलत नाही. एखादी वाघीण नादुरुस्त निघाली तर तिच्या अंगावर खडूने फुली. तिला यार्डात 'आजारी' म्हणत. चौतीस वर्षं हेच केल्यामुळे घरच्या, वीतभरही लांब नसलेल्या वाघिणींना ते खेळणं समजत नाहीत.

गंज रंगवायचे त्यांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. गंज वरून खाली ओघळतो, आडवा पसरत नाही. दाराच्या कडीखाली जास्त हवा, कारण पाणी तिथे थांबतं. पायरी मात्र चकचकीत हवी, तिथे माणसांचे पाय घासतात. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात एक वाघीण धुळकट दिसली म्हणून ओल्या फडक्याने लख्ख पुसून ठेवली होती. तीन दिवस खपून चढवलेला मळ होता तो. मामंजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सूनबाई, आमच्याकडे घाण करायला फार वेळ लागतो हो."

यंदा ते मोठ्या आजारातून उठले आणि उजवा हात थरथरायला लागला. बारा नव्या वाघिणी तयार होत्या, रंगून, मळवून, चाकं बसवून. राहिलं होतं फक्त अंगावरचं लिखाण. प्रत्येकीवर तिचा नंबर, रिकामं वजन, आणि खाली दोन तारखा. वरची तारीख मागची दुरुस्ती कधी झाली त्याची, खालची पुढची कधी करायची त्याची. अक्षरं मोहरीपेक्षाही लहान. मामंजींनी तीन दिवस प्रयत्न केला. तीन बाजू खराब झाल्या. चौथ्या दिवशी त्यांनी ब्रश धुऊन, पुसून, डबीत घातला आणि फोन उचलला.

"शिट्टी, तू म्हणत होतास ना तुमच्या क्लबात जागा आहे? मग रविवारी खोकी घेऊन ये. सगळंच ने."

शिट्टी म्हणजे गार्डकाका. मामंजींच्या गाड्यांवर गार्ड होते. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी काढलेली नाही, म्हणून सगळे शिट्टीच म्हणतात.

मला वाटलं, सासूबाई सुटकेचा निःश्वास टाकतील. अकरा वर्षं त्या शिवणयंत्रासाठी ती खोली मागत होत्या आणि त्यांना मिळाला होता फक्त खिडकीजवळचा कोपरा. पण त्या भाजी चिरता चिरता थांबल्या.

"आता मला नको ती खोली," त्या हळूच म्हणाल्या. "हे दिवसभर पुढच्या खोलीत बसून माझ्याकडे बघत राहतील. काय करू मी त्यांचं?"

"आई, तुम्ही सांगा ना त्यांना, राहू दे म्हणून."

"अकरा वर्षं उलटं बोललेय. आता कोण विश्वास ठेवणार?"

माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यावर कुणाशीही बोलायच्या आधी एक पान नामस्मरण लिहायचं. वही संपू नये म्हणून मी अक्षर बारीक करत गेले, आणि नऊ वर्षांत ते इतकं बारीक झालं की माझे यजमान म्हणतात, देवालाच चष्मा लागेल. दुसऱ्या दिवशी पान पुरं करून वही मिटताना माझं मलाच सुचलं. खराब झालेली एक बाजू घेतली, सगळ्यांत बारीक ब्रशचे केस कमी करून तीनच ठेवले, आणि नंबर लिहिला. मग ती वाघीण मामंजींसमोर ठेवली.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. मग वाघीण फिरवून मागची बाजू पाहिली, जणू लिहिणारा मागे लपलाय.

"कुणी लिहिलं?"

"मी."

"पाच थोडा पोट पुढे काढून उभा आहे."

"बारीक करते त्याला."

"नको, नको. यार्डातला रंगारी असाच काढायचा. त्याचंही पोट तसंच होतं." ते हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. पण लगेच म्हणाले, "ठीक आहे. देताना पूर्ण झालेल्या द्याव्यात. क्लबवाल्यांनी अर्धवट म्हणू नये."

म्हणजे द्यायचं हे ठरलेलंच होतं. मी तरीही बसले. रोज दुपारी तीन-तीन वाघिणी, चार दिवस. मामंजी खुर्चीत डोळे मिटून नंबर सांगायचे, आणि तेही खरे, त्यांच्या हाताखालून गेलेल्या वाघिणींचे. "ही सातवी. हिचं दार कधी नीट लागलं नाही, लाथ मारावी लागायची. लिही." किंवा, "नववी भारी गुणाची होती. कधी आजारी पडली नाही." सासूबाई शिवणयंत्रावरून ऐकत असायच्या. "माझ्या वाढदिवसाची तारीख विचार त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि हे घरात बारा वाघिणी आणून बसवतात. एक कमी होती का?"

शनिवारी बाराव्या वाघिणीचा नंबर आणि वजन सांगून झालं आणि मामंजींना औषधाने डोळा लागला. तारखा राहिल्या होत्या. उठवावंसं वाटलं नाही. मी मनानेच घातल्या. साल कारखान्याच्या फाटकावरच्या पाटीवरून घेतलं. त्या पाटीवर कायम पाच मार्च असतो, मामंजींनी पहिल्यांदा एकट्याच्या सहीवर गाडी सोडली तो दिवस. खालच्या तारखेला मी तीन मार्च लिहिलं. तीनच का? तीनचा आकडा ब्रशने छान वळतो, एवढंच.

रविवारी सकाळी गार्डकाका आले. बरोबर सहा रिकामी खोकी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

"वहिनी, खोली घ्या ताब्यात!" ते दारातूनच ओरडले.

सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या आणि किती तरी वेळ आतच राहिल्या.

गार्डकाकांनी बाह्या सरसावल्या, पण पुढे लावलेली गाडी पाहून त्यांचा हात खाली आला. इंजिन आणि मागे बारा वाघिणी, गंजलेल्या, सिमेंटने पांढुरक्या झालेल्या, प्रत्येकीवर तिचं लिखाण. ते वाकून बघत राहिले.

"अरे, ही दाराची लाथाळी! साहेब, ही इथे कशी आली?"

"आली पायी पायी," मामंजी म्हणाले.

"एकदा पळवू. मग बांधू."

"पळव."

"मी कसा पळवू? गाडी पास कुठे झालीय? तपासनिसाने सही केल्याशिवाय गार्ड झेंडी दाखवत नाही. चौतीस वर्षं तू माझी सकाळ खाल्लीस, आज मी तुझी खातो. ऊठ."

मामंजींनी नको नको म्हटलं. मग भिंग घेऊन उठले. इंजिनापासून सुरुवात केली. टेबलाच्या कडेला डावा हात टेकून, वाकून, एकेक वाघीण. पेन्सिलीच्या टोकाने चाकाला हलकेच टकटक. कान जवळ. पुढची. गार्डकाका मुद्दाम घड्याळ बघत होते. "लवकर, साहेब, कारखाना ओरडतोय." मामंजींनी लक्ष दिलं नाही. सातवीचं दार बोटाने दाबून पाहिलं. नववीला नुसतंच थोपटलं.

बारावीपाशी ते थांबले. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. फाटकावरची पाटी पाहिली. पुन्हा वाघीण पाहिली.

"ही जाणार नाही."

"का?"

"तारीख उलटलीय. तीन मार्चला दुरुस्तीला जायला हवी होती. आज पाच."

गार्डकाका हसायला लागले. "अरे, दोनच दिवस! आणि रूळ संपतो तिथे, त्या भिंतीपाशी! काय होणार आहे?"

"दोन दिवस म्हणजे दोन दिवस. मी सही करणार नाही."

"मोहरीएवढी तारीख. तुला दिसली तरी कशी?"

"तारीख बघणं माझं कामच आहे," मामंजी म्हणाले, आणि ते असे ताठ उभे राहिले की मला एकदम यार्डच दिसलं. त्यांनी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला कापडावर खुणा करायचा खडू उचलला, त्याचं टोक मोडलं आणि बाराव्या वाघिणीवर फुली मारली. हात थरथरत होता. फुली वेडीवाकडी आली.

गार्डकाका फुलीवर वाकले. मग हळूच म्हणाले, "साहेब, तुझी फुली अशीच असायची की रे. कधी सरळ काढलीस तू?"

मामंजींनी आपल्या हाताकडे पाहिलं. "चालता चालता काढायचो," ते म्हणाले. मग मोठ्याने हसले. "खरंच रे. कधीच नाही."

मला राहवेना. "मामंजी, ती तारीख माझ्या मनाची आहे. तुम्ही झोपला होतात. चूक माझी."

गार्डकाकांनी डोळे बारीक केले. "मुद्दाम केलंस ना, सूनबाई? खरं सांग."

"खोटं बोलायचं नाही असाही माझा नेम आहे, काका. खरंच चुकलं."

"चुकलं तर चुकलं," मामंजी म्हणाले. "पण आता ती आजारी आहे. पुसून बदलायची नाही. कागदावर चढली की रीतसर दुरुस्तीला जायला हवी. चाकं उतरतील, ब्रेक तपासले जातील, मग नवी तारीख. तीही तूच लिहायचीस." आणि ते बोलता बोलता थांबले. "पण उभी कुठे करायची? आमच्याकडे आजारी वाघिणींची लाइनच नाही! अकरा वर्षांत केलीच नाही मी. शिट्टी, दुरुस्तीची शेड नसलेलं यार्ड पाहिलंस कधी?"

"लाजिरवाणी गोष्ट आहे," गार्डकाका गंभीरपणे म्हणाले.

मामंजी तोवर टेप घेऊन वाकले होते. "इथे सांधा टाकायचा, इथून वळण. शेडला दीड हात फळी वाढवावी लागेल. या बाजूला खिडकीपर्यंत..." आणि टेप तिथेच अडला. खिडकीजवळ शिवणयंत्र होतं.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक. त्यांनी ट्रे माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि शिवणयंत्र धरून ओढायला लागल्या.

"अहो, काय करताय?"

"आजाऱ्याला खिडकीजवळच ठेवतात. हवा लागते," त्या म्हणाल्या. "बघत काय उभे राहिलात, भाऊजी? हात लावा! खोकी आणायला बरे जोर आहेत अंगात."

गार्डकाकांनी एका बाजूने धरलं, मी ट्रे ठेवून दुसऱ्या. यंत्र करकरत पुढच्या खोलीत गेलं. मामंजींनी एक रिकामं खोकं रिकाम्या कोपऱ्यात पालथं घातलं, फळीला टेकवलं, उंची पाहिली. अर्ध्या बोटाने कमी होतं. त्यांनी गार्डकाकांची वर्तमानपत्रं घडी करून खाली सरकवली आणि बारावी वाघीण उचलून त्यावर ठेवली.

मग अकरा वाघिणींच्या कागदावर सही झाली. थरथरती, पण झाली. गार्डकाकांनी शिट्टी अशी फुंकली की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. गाडी निघाली, पट्ट्याखालून गेली, वजनकाट्यावर थांबली, टाकीखाली उभी राहिली. मामंजी मात्र तिच्याकडे बघत नव्हते. ते पालथ्या खोक्यावर पेन्सिलीने शेडचे खांब आखत होते.

गार्डकाका पाच खोकी घेऊन परत गेले. सहावं अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीत पान लिहीत होते. मामंजी दारात येऊन उभे राहिले. मी बोलणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. ते माझं पान संपायची वाट बघत राहिले, हातात बाराव्या वाघिणीची सुटी केलेली चाकं आणि शेडवर लावायची एक कोरी पाटी. माझ्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्यांना घाई झाली होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मी घाई केली नाही. ओळी पुऱ्या केल्या, वही मिटली, नमस्कार केला.

"काय लिहायचं पाटीवर?" मी विचारलं.