सगळीकडे बसणारा हात

स्क्रीन हळूहळू खाली उतरत होती. खरेदीला आलेले अधिकारी यंत्रासमोर उभे राहून तिच्यावरची बटणं दाबून बघत होते, आणि बटणागणिक ती त्यांच्या छातीवरून पोटाकडे निघाली होती.

"नमस्कार करतेय की काय ही?" ते म्हणाले. मागचे दोघे-तिघे हसले.

डिझायनर बाईला हसू आलं नाही. यंत्र चालवायची स्क्रीन ज्यावर बसते तो लोखंडी हात तिने वर्षभर खपून तयार केला होता. भिंतीला लावा, खांबाला लावा, छताला उलटा टांगा. स्क्रीन कुठल्याही बनावटीची असो, चालवणारा उंच असो की बुटका, हात हवा तिथे न्यायचा आणि सोडून द्यायचा. सोडला की तो तिथेच राहणार. सगळं कौतुक त्या राहण्याचं होतं.

आणि तो का राहत नाही, हे तिला उभ्या उभ्या कळलं. चाचण्यांच्या वेळी खरी स्क्रीन मिळाली नव्हती, म्हणून तिने तेवढ्याच वजनाची लाकडी फळी लावून काम भागवलं होतं. फळीला केबल नसतात. खऱ्या स्क्रीनमागून मनगटाएवढा जाड जुडगा लोंबतो आणि तो हाताला खाली ओढतो. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती, तर तिने त्याला चारचौघांत सोलून काढलं असतं.

तिचे साहेब तिच्याकडे बघत होते.

"फिटरने नट नीट आवळले नसतील," ती म्हणाली.

फिटर शिडी मिटून तिथेच उभा होता. तो तिचा सख्खा मामा. कंपनीत हे कुणालाच माहीत नव्हतं. ओळखीने चिकटली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं की इथे आपण कुणी कुणाचे नाही. त्यामुळे कारखान्यात ती त्याला हाकच मारत नसे. त्याला फिटर म्हणायची वेळ आजच आली.

मामाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"राहिलं असेल, साहेब," तो म्हणाला आणि पाना घेऊन पुढे झाला. त्याने नट असे आवळले की स्क्रीन वर होईना की खाली. हवा तसा फिरणारा हात दगड होऊन बसला, आणि पाहुणे समाधानाने चहाला गेले.

दुपारी साहेबांनी मामाला बोलावून घेतलं. केबिनचं दार उघडंच होतं. वय झालं असेल, हात चालत नसतील तर तसं सांगावं, गिऱ्हाइकासमोर आमची शोभा कशाला. उद्यापासून फिटिंगचं काम बंद, गोदामात बसा. मामा प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होता. ती आपल्या टेबलापाशी बसून ऐकत होती. उठायचं, आत जायचं, एक वाक्य बोलायचं, बस्स. शरमेने तिचे कान तापले, पण पाय उचलले नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. दिवसभर तिला चहावाल्याच्याही नजरेला नजर देववेना.

संध्याकाळी ती मामाकडे गेली. मामीने दार उघडलं आणि नेहमीसारखं "किती वाळलीस गं" म्हटलं. म्हणजे मामा घरी काही बोलला नव्हता. तो टीव्हीसमोर मटार सोलत बसला होता.

टीव्ही कपाटाच्या वर, भिंतीवर होता. कॉलेजात असताना तिने केलेल्या पहिल्यावहिल्या हातावर तो बसवलेला. भाचीने केलाय, कसाही फिरतो, असं मामा आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा. मामीने स्वयंपाकघरातून, जरा इकडे वळव गं, म्हटलं. तिने टीव्ही वळवला, तसा त्याच्या खालून एक लाकडी ठोकळा निसटून कपाटावर आपटला, आणि टीव्ही सावकाश खाली यायला लागला. तिने झटकन तळवा खाली धरला.

ठोकळा भिंतीच्याच रंगात रंगवलेला होता.

"हा कधीपासून आहे?"

"लावला त्या आठवड्यापासून," मामी बाहेर येत म्हणाली. "तुला कळू द्यायचं नाही अशी ताकीद होती मला. भिंत रंगवली की आधी ठोकळा रंगतो."

"टीव्ही दिसतोय ना?" मामा मटारातून मान वर न करता म्हणाला. "मग झालं तर."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. एक हात टीव्हीखालीच होता. दुसऱ्या हाताने तिने फोन काढला आणि साहेबांना लावला.

मामाने ते पाहिलं. त्याने मटार बाजूला सारले, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज इतका वाढवला की खोलीत दुसरं काही ऐकू येऊ नये. मग तो खिडकीबाहेर बघत बसला.

तिकडे फोन उचलला गेला.

"मामा," ती म्हणाली, "आवाज कमी कर. तू ऐकायला हवंस."

"कोण मामा?" साहेबांनी विचारलं.

"आपले फिटर, साहेब. माझा सख्खा मामा आहे तो. त्याने नट बरोबर आवळले होते."

मामाला रिमोटवरचं बटण काही केल्या सापडेना.