देवांच्या भिंतीतले दोन बोल्ट

सासूबाईंना शुक्रवारी घरी सोडू, असं डॉक्टर सोमवारी म्हणाले. मी मनातल्या मनात हात जोडते न जोडते तोच त्यांनी पुढचं ऐकवलं, "आजी, आता पुन्हा पडायचं नाही हं. परत मोडलं तर माझ्याही हातात काही नाही."

सासूबाईंचं नाव जाईबाई, वय चौऱ्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं ते आमच्या घरच्या संडासात. कमोडवर बसताना त्या उजवा हात मागे टाकून फ्लशच्या टाकीची कड धरायच्या. लाख सांगून झालं, पण हात आपला तिथेच जायचा. त्या दिवशी कड धरली आणि टाकीच भिंतीतून सुटून पुढे आली. टाकी एका स्क्रूवर लोंबकळत राहिली, सासूबाई मात्र खाली आल्या.

शुक्रवारी ती टाकी पक्की हवी होती. एवढंच काम. पण त्यात आमचं आठ वर्षांचं एक पाप अडकलेलं होतं.

आमची गिरगावातली चाळ. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचे एकत्र. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा आम्ही घरातली अर्धी मोरी घेऊन तिथे कमोड बसवला. पाइप जिथून जात होता तीच भिंत धरावी लागली. आणि त्या भिंतीच्या पलीकडे सुमतीवहिनींचं देवघर! तीन पिढ्यांचं. वहिनींचं सोवळं म्हणजे असं, की देवाच्या पाण्याला घरातल्या माणसाचा हात लागला तरी कळशी पुन्हा भरायच्या. त्यांना सांगायचं कसं? आम्ही "न्हाणी मोठी करतोय" असं म्हणून वेळ मारून नेली. सासूबाईंनी प्लंबरला बजावलं, "स्क्रू बारके मार रे बाबा. देवांच्या पाठीत जाता नये." त्याने बोटाच्या पेराएवढे स्क्रू मारले, वरून पांढरं सिमेंट थापलं. झालं.

शिवाय सकाळी साडेसात ते आठ, वहिनी पूजेला बसल्या की आमच्याकडे फ्लश ओढायचा नाही, असा नियम. आमचे हे, रघुवीर, त्याला कर्फ्यू म्हणत. पाहुणा आला तर चहाच्या आधी त्याला कर्फ्यू सांगायचा.

मंगळवारी निलेश प्लंबर आला. पन्नाशीचा, चाळीतल्या निम्म्या नळांचा डॉक्टर. त्याने भिंतीत पेचकस घातला तर भुसभुशीत विटेची लाल पूड खाली आली.

"मावशी, ही भिंत चार इंची. आत नुसता चुरा झालाय. गिट्टी ठोकून स्क्रू मारला तर आठ दिवसांत बाहेर."

"मग रे?"

"आरपार बोल्ट. पलीकडून लोखंडी पट्टी लावायची, त्यावर नट कसायचा. हत्ती टेकला तरी हलणार नाही."

"पलीकडे देवघर आहे."

निलेशने पेचकस खिशात घातला. "मग तुम्हीच बोला पलीकडे. मी देवाबिवाच्या मधे पडत नाय."

"जमिनीवर चौकट उभी करून टाकी ठेवली तर?" ह्यांनी विचारलं.

"काका, मग दार उघडणार नाय. आजींना काय खिडकीतनं आत सोडणार?"

तो गेल्यावर हे म्हणाले, "बारके स्क्रू आणखी चार मारू. कशाला सांगतेस? आठ वर्षं निभलं ना?"

"निभलं? आई कुठे आहेत मग आत्ता?"

मी मोठ्या तोंडाने बोलले खरी, पण शेजारच्या दारापर्यंत जायचा धीर मलाही होईना. पहिला दिवा लावायला घरात काडेपेटी नव्हती तेव्हापासूनचा हा शेजार. माझ्या बाळंतपणात वहिनींनी खिमट करून आणलेलं. सांगितल्यावर हे सगळं तुटलं तर?

बुधवारी एकादशी होती. संध्याकाळी देवळात कीर्तन. मी हॉस्पिटलातून परस्पर तिकडे गेले, पाठीमागे खांबाला टेकून बसले. बुवा वयाने लहान, पण गळा मोठा गोड. उत्तररंगात त्यांनी यज्ञातला प्रसंग लावला. मोठमोठ्या राजांनी कामं वाटून घेतली. कुणी दानाला बसलं, कुणी मानपानाला. आणि ज्याच्या पायधुळीसाठी ऋषी झुरतात तो देव पीतांबर खोचून उष्ट्या पत्रावळी उचलायला गेला. बुवांनी झांज थांबवली आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "त्याला नाही वाटली घाण. तुम्हांआम्हांला कसली वाटते हो?"

सगळे हसले. माझ्या मात्र डोळ्यांतून घळघळा पाणी. शेजारच्या बाईंनी मला बुक्का लावला तोही पुसला गेला. आरती घेतली आणि तशीच चालत चाळीत आले. आपल्या घराचं कुलूप न काढता सुमतीवहिनींची कडी वाजवली.

त्या तांदूळ निवडत होत्या. कमलाकांतभाऊ, त्यांचे यजमान, पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. न्हाणी म्हटलं ते खोटं होतं, संडास आहे, बरोबर देवांच्या पाठीशी, आणि आता भिंतीला भोकं पाडायची आहेत, आरपार.

वहिनींनी ताट खाली ठेवलं. "झालं बोलून?"

"हो."

"अगं सुभद्रा, आठ वर्षं झाली. मी काय बहिरी आहे? दिवसभर तुमची टाकी घळाघळा वाजते आणि मी पूजेला बसले की नेमकी चिडीचूप. मला कळणार नाही?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"पहिले चार दिवस फार राग आला होता," त्या म्हणाल्या. "ह्यांना म्हटलं, देव दुसऱ्या भिंतीला हलवू. मग तुझे सासरे जाईपर्यंत त्यांचा तो त्रास ऐकत होते ना मी रात्रंदिवस. म्हटलं, देवाला चालतंय तर मला का चालू नये. पण तुम्ही सांगितलं नाहीत, त्याचं वाईट वाटलं हो. ते अजून आहे."

"चुकलं माझं, वहिनी."

"चुकलंच. जाईबाई कधी येतायत?"

"परवा."

"मग उद्याच करायला हवं." त्यांनी भाऊंकडे पाहिलं. "उद्या देव कुठे ठेवायचे? धुळीत नको."

भाऊंनी पेपर खाली केला. "कुठे म्हणजे? हिच्याकडे. हिच्यामुळेच उठतायत तर जेवायलाही हीच घालेल."

गुरुवारी सकाळी पूजा आटोपल्यावर वहिनींनी देवांवर अक्षता वाहिल्या, "थोडा वेळ शेजारी जाऊन येऊ या" असं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, टाक, सगळे ताम्हणात घेतले. पुढे भाऊ घंटा वाजवत, मागे त्या रेशमी लुगड्यात. अंतर बारा पावलांचं. पण गॅलरीतल्या माणसांनी चपला काढल्या. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. माझ्या फळीवर, माझ्या देवांशेजारी ते देव बसले तेव्हा काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. शिऱ्यात साखर घातली की नाही तेही आठवेना, म्हणून वहिनींनाच विचारलं.

"मी कसं चाखून सांगू? नैवेद्याचा आहे!" त्या ओरडल्या. "घाल अजून दोन चमचे. गोडाने कुठला देव रागावलाय?"

निलेशचं ड्रिल घरघरलं. पलीकडे कुणीतरी पट्टी धरून नटावर पाना लावायला हवा होता. भाऊंचे हात कापतात. आमचे हे टाकी उचलून धरून होते. तेव्हा वहिनींनीच पदर खोचला आणि पाना हातात घेतला.

"काकी, धरलात?" निलेश भिंतीतून ओरडला.

"धरलाय!"

"फिरू देऊ नका!"

"अरे, चाळीस वर्षं ह्यांना फिरू दिलं नाही, तुझ्या नटाचं काय घेऊन बसलास?"

इकडे ह्यांच्या हातातली टाकी हसण्याने हलायला लागली. "काका, स्थिर!" निलेश खेकसला. "काकी, अजून अर्धा आटा!"

दोन्ही बोल्ट कसून झाले. निलेशने टाकीला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवलं. वहिनींनी आपल्या बाजूची भिंत पुसली, आणि नवी वस्तू घरात आली की आपण करतो तसं दोन्ही नटांना हळदकुंकू लावलं. संध्याकाळी देव आपल्या जागी गेले.

शुक्रवारी सासूबाईंना चाळीतल्या चौघांनी खुर्चीवर बसवून वर आणलं. तासाभरात त्यांना जायचं झालं. मी त्यांना आत नेलं, पण दार लोटून बाहेर हो म्हणाल्या. बाहेर उभी राहिले. वॉकर सरकल्याचा आवाज. मग काही नाही. मी दाराला कान लावला. मग पाणी सुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचा.

"गो सुभद्रा! ही हलूक नाय गो!"

मी आत जाऊन त्यांना उठवलं तेव्हा सगळं सांगितलं. त्या टाकीवर हात ठेवून ऐकत राहिल्या.

"सुमतीन देव उठवल्यान? माझ्यासाठी?"

"हो. पानाही त्यांनीच धरला."

"माका थय तिच्याकडे ने."

"आई, आत्ता आलात. उद्या जाऊ."

"आत्ताच ने."

वॉकरची चार टोकं फरशीवर टेकत, मधे दोनदा थांबत आम्ही निघालो. मी मागे हात पसरून, पण हात लावू देईनात. वहिनी आवाज ऐकून दारात आल्या. सासूबाईंना वाकायचं होतं. डॉक्टरांनी मना केलेलं. त्यांनी नुसती मान खाली घातली. ते बघून वहिनीच पुढे आल्या आणि त्यांच्या पायाशी वाकल्या.

"माझ्या कसल्या पाया पडतंस गो," सासूबाई म्हणाल्या.

"वयाने मोठ्या आहात म्हणून. आणि आता उंबऱ्यातून आत या, प्रसादाचा शिरा ठेवलाय. येईल ना चढता?"

सासूबाईंनी उंबऱ्याकडे पाहिलं, वॉकर उचलून पलीकडे ठेवला.

"येतंय," त्या म्हणाल्या. "हळू येतंय, पण येतंय."