पुलावरचा भालेवाला

“घाई करू नकोस. तो दम घेतो ना, त्याची वाट बघ. दम घेतला की मार.”

दादाचा हा आवाज तीस वर्षं जुना होता. तेव्हा दादा तेरा वर्षांचा, बहीण नऊची, दोघं टीव्हीसमोर गार फरशीवर मांडी घालून बसलेली. पण आज पडद्यावरचा निंजा पुलाच्या मध्यावर पोचला, समोरच्या भालेवाल्याने भाला मागे खेचला, आणि तो आवाज मानेमागून कुणी आत्ताच बोलल्यासारखा आला. बहीण तोंड उघडणार तोवर वहिनीचा अंगठा खाली गेला होता. जरासा आधी. निंजा तोल जाऊन दरीत पडला.

“गेला,” वहिनी म्हणाली. “शहाऐंशी.”

तिने कापड बेतायच्या टेबलावर निळ्या खडूने आणखी एक रेघ ओढली. टेबलाची ती कड रेघांनी भरत आली होती.

रविवारची दुपार होती. पुढच्या खोलीत एरवी वहिनीचं शिवणकाम चाले. आज मशीनवर कापड पांघरलेलं होतं आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे भिंतीला सरकवलेले. मोकळ्या झालेल्या जागेत टीव्ही, आणि त्याला जोडलेलं, बहिणीने स्वतःच्या घरून आणून दिलेलं खेळाचं यंत्र. अकरा दिवसांपूर्वी वहिनीने फोन केला होता. दादाला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. “त्याच्या त्या गेमची नवी आवृत्ती आलीय म्हणे. मला आणून दे. त्याचा जीव त्या पुलापाशी अडकलेला होता. पलीकडं काय आहे ते एकदा बघू दे मला.”

बहिणीने त्याच संध्याकाळी आणून दिली. नाही कशी म्हणणार?

सुरुवातीलाच पडद्यावर विचारलं होतं, सोपी वाट हवी का? सोप्या वाटेवर निंजाच्या दंडावर पांढरी फीत येते आणि वार अर्धेच लागतात. वहिनीने क्षणभरही विचार केला नव्हता. “तो गेला त्याच वाटेनं,” एवढंच म्हणाली होती.

“नणंदबाई, तुमच्या भावाला दुसरा काही छंद सापडला नाही का हो?” वहिनीने बोटं मोडली. “पत्ते खेळला असता, दारू प्यायला असता, मला निदान नीट भांडता तरी आलं असतं. ह्या काळ्या फडक्यातल्या माणसाशी काय भांडायचं? तो तर बोलतच नाही.”

“तू भांडायचीसच की.”

“भांडायचेच. मेल्या, चार महिने झाले, एका पुलावर अडकलायस, म्हणायचे. पाण्यात उडी मारून पोहत जा म्हणायचे.” ती हसली, आणि हसू संपायच्या आत तिने पुन्हा बटण दाबलं.

बहिणीने खिडकीकडे पाहिलं. ती दवाखान्यात आखडलेल्या हातापायांना व्यायाम द्यायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या मुठी उघडायच्या, मिटायच्या, कुठलं बोट मागे पडतंय ते पाहायचं. त्यामुळे समोरच्या माणसाचा हात न बघणं तिला जमत नसे. वहिनीची बोटं चांगली होती. पंचवीस वर्षं सुईत दोरा ओवलेली, एकेक बोट आपापलं काम जाणणारं. दादाचीही एके काळी तशीच होती. तेरा वर्षांचा असताना हाच पूल तो डोळे मिटून ओलांडायचा, नुसत्या आवाजावर, आणि मग एक डोळा किलकिला करून बघायचा, बहीण बघतेय ना.

हे तिने वहिनीला कधी सांगितलं नव्हतं.

“थांब, मला कळलं,” वहिनी म्हणाली. “हा मेला तालात मारतो. मशीनसारखा.”

तिचा उजवा पाय जमिनीवर हलू लागला. खाली मशीनचा पायटा नव्हता, तरी टाच उठत होती, पडत होती. आणि मग ती गुणगुणायला लागली, लांब शिवण घालताना गुणगुणायची तशीच, शब्द तिथल्या तिथे जुळवत:

“दोन घाव डावीकडं, तिसरा गं उजवीला,
चौथ्याला दम घेई, गाठ तेव्हा गं वैऱ्याला.”

डावीकडचे दोन घाव निंजाने चुकवले. तिसरा डोक्यावरून गेला. भालेवाल्याने खांदे वर घेतले, छाती भरली, आणि वहिनीचा अंगठा पडला तो बरोबर तिथे. एकदा. पुन्हा तोच ताल, तीच ओळ. सातव्या वेळी भालेवाला गुडघ्यावर आला, भाला टेकला, आणि राख उडावी तसा उडून गेला.

पडद्यावर निंजा पूल चालून गेला. पलीकडे एक झाड होतं, झाडाखाली सपाट दगड, दगडाशेजारी एक दिवा. निंजा आपणहून त्या दगडावर बसला. कोपऱ्यात अक्षरं उमटली: इथवरचा खेळ जपून ठेवला आहे.

“एवढंच?” वहिनी म्हणाली.

“एवढंच. मग पुढचा टप्पा.”

“बसायला जागा आहे.” ती बराच वेळ त्या झाडाकडे पाहत राहिली. नव्या आवृत्तीत ते झाड फार सुंदर काढलं होतं. पानं एकेक करून हलत होती. “बसला असता जरा.”

तिने पदराने नाही, गळ्यातल्या मापाच्या फितीनेच डोळे टिपले, आणि ते लक्षात आल्यावर फीत खाली सोडली. मग टेबलाच्या कडेवरच्या रेघा बोटाने मोजत गेली, टोकापर्यंत जाऊन थांबली.

“अकरा दिवस,” ती म्हणाली. “मी जन्मात असलं काही खेळले नव्हते. मला अकरा दिवस लागले.”

बहीण भिंतीशी सरकवलेले गठ्ठे सारखे करू लागली.

“त्याला चार महिन्यांत का नाही जमलं गं?”

“नवीन आवृत्ती आहे ना, वहिनी. सोपं करतात. जुना फार अवघड होता.”

वहिनीने गेमचा डबा उचलला. आतला घडीचा कागद काढला, चष्मा नाकावर बसवला आणि गिऱ्हाइकाचं माप वाचून दाखवावं तसं वाचलं, सावकाश, एकेक शब्द. “चित्रे नव्याने काढली आहेत. संगीत नव्याने वाजवले आहे. शत्रूंचा वेग आणि बळ मूळ खेळाप्रमाणेच आहे. त्यात कोणताही बदल केलेला नाही.” तिने कागद होता तसा घडी करून ठेवला. “मी हे पहिल्याच दिवशी वाचलं होतं. म्हटलं, बरं झालं, त्याच्याइतकंच मलाही कठीण आहे.”

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. चेनचा आवाज लांब जाईपर्यंत दोघींनी ऐकला.

“त्या दिवसांत त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी असायची,” वहिनी म्हणाली. “मीच शिवलेले शर्ट. काजं माझी, बटणं माझी. मी म्हणायचे, काय हिरो झालायस या वयात. तो म्हणायचा, उकडतंय. थंडीचे दिवस होते गं. मी शिवणारी बाई, आणि मला दिसलं नाही.”

“वहिनी…”

“थांब, बोलू दे. हातातून कप पडला, आपण दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. तू शेजारी उभी होतीस. मी तुझ्याकडं बघितलं. तू रडली नव्हतीस. मला वाटलं, रोज असलंच बघते, घट्ट झालीय.” तिने चष्मा काढला. “त्याच्या महिनाभर आधी मी चिडून त्याच्या हातातलं ते यंत्र काढून घेतलं होतं. कपाटावर ठेवलं, वर, अगदी मागं. पंधरा दिवस. त्यानं मागितलंही नाही. मला वाटलं, शहाणा झाला. आता वाटतं, त्याचा हातच वर जात नसेल.”

बहिणीने तिचा हात हातात घेतला. सवयीने तिचा अंगठा वहिनीच्या बोटांच्या पेरांवरून फिरू लागला, एक, दोन, तीन, जोर तपासत. मग तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. दीड वर्ष ती एकच हिशेब मांडत आली होती. सांगितलं तर ते पंधरा दिवस वहिनीला जन्मभर टोचतील. आणि ही बाई तर ते आपल्या हाताने शोधून, समोर ठेवून बसली होती.

“तुला माहीत होतं का?” वहिनीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

पडद्यावरचा निंजा अजून दगडावर बसलेला होता.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. तो आधी माझ्याकडंच आला होता, हात दाखवायला. ते खेळणं नव्हतं, वहिनी. बोटं चालती राहावीत म्हणून मीच त्याला सांगितलं होतं, रोज तासभर. दुसरा कुठला व्यायाम त्याला नकोच होता.”

वहिनीने हात काढून घेतला नाही. “आणि ते पंधरा दिवस?”

“माझ्याकडं यायचा. रोज संध्याकाळी, रबरी चेंडू दाबायला.”

“मग मला का नाही सांगितलं? यंत्र काढून घेतल्यावर तरी?”

“मी म्हटलं त्याला. म्हटलं, आता सांगते तिला, ती स्वतः खाली काढून देईल. तर माझा हात धरला त्यानं. पकड अशी राहिलीच नव्हती, नुसता हात ठेवला माझ्या हातावर.” “म्हणाला, ‘सांगू नकोस. सांगितलंस की ती माझ्याशी हळू बोलायला लागेल. आत्ता धडधाकट माणसाशी भांडावं तशी भांडतेय. तेवढं राहू दे मला.’”