बोट स्त्रीलिंगी असते

आमच्या गंगाखेडला समुद्र नाही, हे दत्तरावांना कोकणात जाऊन आल्यावर कळलं. त्याआधी पन्नास वर्षं त्यांचं काही अडलं नव्हतं. पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान मजेत चाललं होतं. पण दिवाळीच्या सुट्टीत ते सगळं घर घेऊन कुठल्याशा बंदरावर गेले आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत बसले. डॉल्फिन दिसला की नाही यावर त्यांच्या घरात अजून दोन मतं आहेत. दत्तराव मात्र जे भारावले ते भारावलेच.

"आपल्याकडं काय कमी हाय? पाणी हाय, मानसं हायेत. फकस्त बोट न्हाई," असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले. पाव इंची नळ घ्यायला आलेला माणूससुद्धा जलपर्यटन ऐकून जायचा.

पाणी आहे हे खरं. खाली बंधारा झाल्यापासून गंगा (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) संक्रांत झाली तरी काठोकाठ असते. मग बोटही आली. कोकणातून ट्रकवर बसून आली, जुनीच, अंगावर दोन निळे डॉल्फिन घेऊन. ते पुसायला दत्तरावांनी पेंटर बोलावला, तर पेंटरला डॉल्फिन इतके आवडले की त्याने तिसरा काढून दिला. वर नाव घातलं ‘गोदासागर’.

आता माझ्याविषयी. मी उत्तरा, नववी ब. मागच्या वर्षापर्यंत माझी हजेरी घेताना बाईंना दोनदा नाव घ्यावं लागायचं. यंदा गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी तापाने आडवी झाली आणि मला स्टेजवर ढकललं. माझा आवाज माईकमधून निघाला, मैदानापलीकडच्या कडब्याच्या गंजीला धडकला आणि परत आला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, अगंबाई, ही तर मी! तेव्हापासून मी थांबलेली नाही. आई म्हणते, हिला बंद करायचं बटण कुठं मिळतं का बघा.

त्यामुळे दत्तराव शाळेत येऊन म्हणाले, "पहिल्या फेरीला माहिती सांगायला एक खड्या आवाजाची पोरगी द्या," तेव्हा मुख्याध्यापकांना विचार करावा लागला नाही. त्यांना माझ्यापासून एक दिवस सुट्टी हवीच होती.

मी तीन आठवडे खपले. बोट चालवणारे महारुद्रकाका जन्मभर गंगेवर मासे धरणारे. त्यांच्या मागे वही घेऊन फिरले. पूर्वी लोक पायी कुठून नदी उतरायचे, पाण्याखाली वाळूचा दांडा कुठं आहे, उन्हाळ्यात पाणी आटलं की कुठल्या देवळाचा कळस आधी दिसतो, सगळं लिहून घेतलं. बोरीच्या आत्याला फोन केला. कमलबाई आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तिला एक गोष्ट सांगितली की ती सगळ्या बोरीला समजते, वेगळी पाटी लावावी लागत नाही.

"माईक तुझ्या हातात?" आत्या म्हणाली. "मंग मी येतेच. शाल घिऊन येते. तुझं भाषण झालं की सगळ्यादेखत घालते."

आणि फेरीच्या चार दिवस आधी नचिकेत सर आले.

हे मूळचे पुण्याचे. दोन हंगाम त्याच कोकणातल्या बोटीवर माहिती सांगायचं काम केलेले. दत्तरावांनी त्यांना खास बोलावून घेतलं होतं. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात छोटी वही. बोट काठाला बांधलेली असतानाच माझी तालीम घेतली. मी सुरुवात केली, "आमी तुमचं स्वागत करतो. इथं पाणी लय खोल हाय—"

"आमी नाही. आम्ही. ह कुठे गेला?"

"गंगेत वाहून गेला, सर."

महारुद्रकाका खोकल्यासारखं हसले. सरांनी वहीत लिहिलं. तालीम संपली तेव्हा माझ्या अठरा चुका झाल्या होत्या. अठरावी ही, की मी चुकांना हसले.

"मुलीचा आवाज चांगला आहे," सर दत्तरावांना म्हणाले, "पण भाषा फार गावठी आहे हो. बाहेरच्या पर्यटकांना काही अर्थबोधच होणार नाही."

दत्तरावांना अर्थबोध हा शब्द इतका आवडला की त्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला. "बेटा, आवाज तुझा लय भारी हाय. पर लोकाईला शुद्ध पायजे. तू असं कर, गुच्छ दे."

म्हणजे दत्तराव स्वतः हे असं बोलणार आणि अशुद्ध मी!

मी घरी येऊन रडले नाही. रडले, पण थोडंच. खरी पंचाईत आत्याची होती. शाल घेऊन, दोन एस्ट्या बदलून ती बोरीहून येणार, आणि मी काय करणार, तर गुच्छ देणार. गुच्छ तर खुंटीलासुद्धा अडकवता येतो. मी आत्याला फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तीच बोलली.

रविवारी साडेचारला बोटीवर माणसं मावत नव्हती. सगळ्यांना नारिंगी जाकिटं. दत्तरावांच्या पोटावर जाकिटाचे दोन्ही बंद एकमेकांना लांबूनच नमस्कार करत होते. मी पाहुण्यांना गुच्छ दिला. टाळ्या झाल्या. आत्या पहिल्या बाकावर, मांडीवर शाल, हातात मोबाइल.

"आता बोलायलीस का?" आत्या.

"थोड्या वेळानं."

"ह्यो टोपीवाला कोण?"

"तो... आधी बोलणार आहे."

"मंग लौकर आटप म्हणावं त्याला."

सर आटपणारे नव्हते. बोट निघाली आणि माईकमधून कोकण सुरू झालं. "मित्रांनो, खाऱ्या वाऱ्याची ही झुळूक अनुभवा!" आम्ही अनुभवली. पलीकडच्या काठावर उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर नाकात गेला.

"डावीकडे पाण्यात उभा असलेला हा भव्य बुरूज पाहा!"

"अगं बया," आत्या मोठ्यांदा म्हणाली, "ही तर नळाच्या पाण्याची हीर हाय."

सगळी बोट हसली. सर हसले नाहीत. "काकू, विहीर. हीर नव्हे. वि कुठे गेला?"

आत्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. तिने शालीची घडी उगाच उलटीसुलटी केली. माझी कानशिलं तापली. माझ्या अठरा चुका मी सोडून दिल्या असत्या. ही एकोणिसावी मी सोडणार नव्हते. फक्त काय करायचं ते कळत नव्हतं, कारण माईक त्यांच्या हातात होता आणि माझ्या हातात गुच्छाची सुटून आलेली रिबीन.

"आता सर्वांनी शांतता राखा," सर कुजबुजले. "ते अतिशय लाजाळू असतात."

"कोण लाजाळू असतेत?" दत्तरावांनी विचारलं.

सर अडखळले. ते वाक्य डॉल्फिनचं होतं, कागदावरून खोडायचं राहून गेलं होतं. "अं... पक्षी." नेमकी तेव्हाच समोर पाण्यातून एक काळी पाठ वर आली. दत्तराव अर्धे उठले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर सगळं कोकण उजळलं.

"म्हैस हाय ती," महारुद्रकाका सुकाणूवरून म्हणाले. "माझ्या सासऱ्याची. लाजाळू न्हाई पर, मारती."

असं करत करत आम्ही वाळूच्या दांड्यापाशी आलो. काकांनी इंजिन बंद केलं, कारण सूर्य बघायची जागा तीच. पश्चिमेला गंगा सरळ जाते, मध्ये झाड नाही की घर नाही. सूर्य तांब्याच्या परातीसारखा पाण्याला टेकायला आला होता. सर सूर्याकडे पाठ करून उभे. ते नौकानयनाची सुरक्षा यावर बोलत होते, त्यांना काही दिसत नव्हतं.

आत्याला दिसलं. तिने मोबाइल माझ्याकडे फेकला आणि बोरीत शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारतात तशी ओरडली, "बुडायलाय! बुडायलाय! अगं उत्तरे, उठ लौकर, बुडायलाय!"

आमच्याकडे दिवस मावळत नाही, बुडतो. दोन वर्षांच्या लेकरालाही ते कळतं. बोटीवरची सगळी माणसं शांतपणे मान वळवून सूर्याकडे बघू लागली.

नचिकेत सर सोडून. त्यांचा चेहरा त्यांच्या टोपीसारखा झाला. त्यांनी शिट्टी फुंकली, माईक तोंडाला लावला आणि अतिशय शुद्ध मराठीत जाहीर केलं, "लक्ष द्या! बोट बुडते आहे! कृपया घाबरू नका! बोट बुडते आहे!"

आणि आमच्याकडे शुद्ध भाषेत काही सांगितलं की लोक ते खरंच मानतात. सगळे उठले. सगळे एकाच बाजूला धावले, कारण काठ तिकडे जवळ होता. बोट सणकून कलली. त्या तिसऱ्या डॉल्फिनच्या नाकाला जन्मात पहिल्यांदा पाणी लागलं. कुणाचं तरी लेकरू किंचाळलं. महारुद्रकाका ओरडत होते, पण इतक्या गलक्यात त्यांचं ऐकतो कोण? सरांनी माईक टाकला, नाक दाबलं आणि उडी मारली.

माईक आत्याच्या मांडीवर पडला होता, शालीवर. आत्या खांबाला मिठी मारून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी माईक उचलला. तीन आठवडे घोकलेलं स्वागत, आम्हीमधला ह, सगळं डोक्यातून गेलं.

"खाली बसा समदे!" माझा आवाज पलीकडच्या उसावर आपटून परत आला. "हाय तिथंच बसा! बोट न्हाई बुडायली, दिवस बुडायलाय! दिवस! त्यो रोजच बुडतो!"

एकदम सगळे थांबले. अर्धे जिथे होते तिथेच बुडावर बसले.

"डावीकडून आलेले परत डावीकडं सरका. हळूऽ. दत्तराव काका, तुमी मधी बसा." हे मी मुद्दाम नाव घेऊन सांगितलं, कारण खरा भार तोच होता. दत्तराव निमूट मध्ये येऊन बसले. बोट डुलली, डुलली आणि सरळ झाली.

मग आम्ही सरांना शोधलं. शोधावं लागलं नाही. ते बोटीपासून चार हातांवर उभे होते. उभेच. पाणी कमरेइतकं. वही डोक्यावर धरलेली, टोपी एकटीच नांदेडच्या दिशेने निघालेली.

"पण त्या काकू स्पष्ट म्हणाल्या," सर पाण्यातून ओरडले, "बुडायलाय!"

ही संधी सोडणारी मी नव्हते. माईक चालूच होता. "सर, बोट स्त्रीलिंगी हाय. बोट असती तर आत्या बुडायलीय म्हणली असती. बुडायलाय म्हणल्यावर पुल्लिंगी बघायचं. इथं बुडण्यासारखं पुल्लिंगी एकच होतं, दिवस."

"दोन," महारुद्रकाका बांबू पुढे करत म्हणाले. "एक दिवस, आन् एक तुमी."

सर बांबू धरून वर आले तेव्हा कुडकुडत होते. आत्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, सुस्कारा टाकला आणि माझ्यासाठी आणलेली शाल त्यांच्या खांद्यावर घातली. "घ्या. विहीर म्हणा न्हाई तर हीर म्हणा, थंडी सारखीच वाजती."

परतीच्या वाटेवर माईक कुणी मागितला नाही. मी पायउताराची जागा दाखवली, पाण्याखालच्या देवळाची जागा दाखवली, सासऱ्याच्या म्हशीची ओळख करून दिली. आमी, तुमी, लय, हाय, सगळं आलं. लोक माना डोलवत ऐकत होते. धाराशिवकडचे एक पाहुणे दोनदा "पुन्हा सांगा" म्हणाले. आत्याची मात्र तक्रार होती. एवढ्या गोंधळात सूर्य गेला, फोटो राहिला. "समद्यांना वाचवलंस, पर माझा दिवस बुडालाच की गं!"

गुरुवारी दत्तराव शाळेत आले. "बेटा, रविवारी ये. माईक तुझाच."

"शुद्ध बोलू का काका?"

"कसंबी बोल. पर त्यो एक शब्द नको."

मला वाटलं गंमत करतात. रविवारी बोटीवर चढले तर सुकाणूच्या वर नवी पाटी: ‘या नौकेवर बुडणे या क्रियापदाची कोणतीही रूपे वापरण्यास सक्त मनाई आहे.’ मजकूर नचिकेत सरांचा. एकही चूक नव्हती. खाली पेंटरने आपल्या मनाने चौथा डॉल्फिन काढला होता.

सर मागच्या बाकावर शिट्टी घेऊन बसले होते. त्यांच्याकडे आता फक्त सुरक्षा होती. माझं लक्ष गेलं तेव्हा ते वहीत काहीतरी लिहीत होते. मी डोकावले. ‘दिवस बुडायलाय: पुल्लिंगी, रोज.’

फेरी मी पाटीपासूनच सुरू केली. "मंडळी, उजव्या हाताला वर बघा, आपल्या गंगाखेडचं सगळ्यात नवं प्रेक्षणीय स्थळ." लोकांनी त्या पाटीचे फोटो काढले. दत्तराव पण हसले, जरा उशिरा.

वाळूच्या दांड्यापाशी काकांनी इंजिन बंद केलं. परात पाण्याला टेकली. सगळी बोट माझ्याकडे बघत होती. मी पाटीकडे बघितलं. सरांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला.

पहिल्या बाकावर आत्या होती. राहिलेल्या फोटोसाठी पुन्हा दोन एस्ट्या बदलून आलेली. मी माईक तिच्या तोंडापुढे धरला. आत्याला वाचता येतं, पण पाट्या ती वाचत नाही.