फुकटच्या हवेची किंमत

"ज्ञान सूर्यप्रकाशासारखं असतं! ते कुणाला अडवता येत नाही," प्राचार्य रुद्रस्वामींनी कर्नाटकातल्या हरिहरच्या कॉलेजात गरजून सांगितलं आणि वीज गेली. पुढचं भाषण त्यांनी अंधारातच उरकलं. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. अंधारात कोण वाजवत नाही ते कळत नाही.

सत्कार नागभूषणचा होता. हुद्दा 'अतिथी अध्यापक', विषय अर्थशास्त्र. चौदा वर्षं टिकलेला दुसरा पाहुणा त्या गावात नव्हता. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने रागीच्या डब्याला मोबाइल टेकवून, कुकरच्या शिट्ट्या चुकवत, चाळीस पाठ कन्नडमध्ये रेकॉर्ड केले होते. कुणीही, कुठेही, फुकट वापरावेत, अशी लेखी परवानगीही देऊन टाकली. सिंधनूर डेपोतल्या एका कंडक्टरबाईंचा फोन आला, "मास्तर, पदवी मिळाली हो! निम्मा अभ्यास बसमध्येच केला." त्या दिवशी त्याने घरी मैसूरपाक नेला.

नवं सत्र सुरू झालं, तेव्हा प्राचार्यांनी त्याला बोलावून कॉफी पाजली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

"काय पाठ आहेत हो तुमचे! मी स्वतः तीन पाहिले."

"आभारी आहे, सर. ते माझं यंदाचं नेमणुकीचं पत्र..."

"त्याचंच बोलतोय. इतकं उत्तम शिकवणारे सर फुकटात मिळत असताना कॉलेजने दुसरा माणूस नेमायचा कशाला?"

"सर, पण ते सर मीच आहे."

"म्हणून तर निवड सोपी गेली! शिवाय ते रजा मागत नाहीत."

"मला विचारायचं तरी."

"परवानगीवर सही तुमचीच ना? वाचून केली होती?"

केली होती. वाचूनच केली होती.

निघताना त्याने आपल्या वर्गात डोकावलं. शिपाई पाठ दीडपट वेगाने लावत असे. मग त्याला डबा निवांत खाता येई. पडद्यावरचा नागभूषण चिमणीसारखा चिवचिवत होता, "जे सगळ्यांना हवं तेवढं फुकट मिळतं, त्याला बाजारात किंमत नाही. उदाहरणार्थ, हवा."

पहिल्या बाकावरच्या चैत्राचा हात वर गेला. "पण हवेशिवाय माणूस मरतो की! मग किंमत नाही कशी?"

पडद्यावरचा पुढच्या मुद्द्यावर गेला होता. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच आणि नागभूषण दरवर्षी त्याचीच वाट बघायचा. रेकॉर्डिंगमध्ये उत्तर नव्हतं, कारण स्वयंपाकघरात कुणी प्रश्न विचारला नव्हता.

तो थेट आत शिरला, खडू उचलला आणि वर्गाकडे वळला. चौदा वर्षं कमावलेला आवाज लागला. "शाब्बास, पोरी! आता असं समज, तू विहिरीत पडलीयस..."

"सर," मागच्या बाकावरून कुणीतरी अदबीने म्हणालं, "जरा बाजूला सरकता का? सर दिसत नाहीयेत."